नॅसकार: इंजिन कारखान्यात घडलं की नियमपुस्तकात?

खटारा (धागाकर्ता)

फॉर्म्युला वनवर इथे धाग्यांचा सुकाळ आहे. नॅसकारकडे, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अंडाकृती ट्रॅकवर तीन-चार तास गरगरणाऱ्या गाड्यांकडे मात्र कुणी फिरकलेलं दिसत नाही. "डावीकडे वळायचं, परत डावीकडे वळायचं, त्यात बघायचं काय?" हा प्रतिसाद पहिल्या पाचात येणार हे माहीत आहे, त्यामुळे आधीच सांगतो: खरी मजा गॅरेजात आणि नियमपुस्तकात आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. 1949 ते 1974 या पंचवीस वर्षांत तिथे जी इंजिनं धावली, ती डेट्रॉइटच्या, म्हणजे मोटार कंपन्यांच्या, इंजिनिअरांनी जितकी घडवली तितकीच बिल फ्रान्स या एका माणसाच्या (आणि शेवटची दोन वर्षं त्याच्या मुलाच्या) नियमांनी घडवली. फ्रान्स म्हणजे डेटोना बीचवर पेट्रोलपंप चालवणारा, स्वतः शर्यती मारणारा सहा फुटांहून उंच गडी. 1948 मध्ये त्याने नॅसकार ही शर्यती भरवणारी संघटना उभी केली. कल्पना साधी होती: लोक ज्या गाडीतून ऑफिसला आणि चर्चला जातात, तीच गाडी शर्यतीत पळाली तर लोक तिकीट काढून बघायला येतील.

पहिली 'स्ट्रिक्टली स्टॉक' (शोरूममधून निघाली तशीच गाडी) शर्यत 19 जून 1949 रोजी शार्लटला झाली. जिंकला ग्लेन डनअवे, 1947 ची फोर्ड घेऊन. तपासणीत दिसलं की मागच्या स्प्रिंगा पसरवून कडक केल्या आहेत. ही युक्ती शर्यतीची नव्हेच, हातभट्टीवाल्यांची. डिकीत दारूचे कॅन भरले की गाडीची मागची बाजू बसते, पोलिसांच्या नजरेत येते आणि वळणावर हेलकावते, म्हणून स्प्रिंगा कडक करायच्या. डनअवे बाद झाला आणि कॅन्ससहून आलेल्या जिम रोपरला त्याच्या लिंकनसकट विजेता ठरवलं. डनअवेच्या गाडीचा मालक कोर्टात गेला, दहा हजार डॉलरचा दावा ठोकला. कोर्टाने तो फेटाळला.

म्हणजे पहिल्याच शर्यतीत तीन गोष्टी पक्क्या झाल्या: गाडी शोरूमसारखीच हवी, ती तशी आहे की नाही हे नॅसकार ठरवणार, आणि नॅसकारने ठरवलं की कोर्टसुद्धा मध्ये पडणार नाही. पुढचं सगळं रामायण यातूनच निघालं. चर्चा होऊ द्या, मग हेमी वगैरे गाजलेल्या इंजिनांकडे वळू.

---

तेलकट

वाखुसा (वाचनखूण साठवली). एक शंका: 1951 ते 54 मध्ये हडसन हॉर्नेटने सगळ्यांना धुतलं असं वाचलंय. ते तर सहा सिलिंडरचं, साइड व्हॉल्व्हचं (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला) जुनाट इंजिन. तोवर ओल्ड्समोबिलचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह वर हेडमध्ये) व्ही-8 आलेलं होतं. मग हे कसं काय?

---

उपद्व्यापी

डावीकडे वळायचं, परत डावीकडे वळायचं. त्यात बघायचं काय?

(कुणीतरी म्हणायला हवंच होतं. चालू द्या.)

---

खटारा

उपद्व्यापी, तुमच्या नावाला जागलात 😀

तेलकट, प्रश्न नेमका आहे. हॉर्नेटचं इंजिन 308 घनइंचाचं, म्हणजे पाच लिटरच्या थोडं वर. पण अर्धी जादू इंजिनात नव्हतीच. हडसनची फरशी चासीच्या दांड्यांच्या वर नसून त्यांच्या आत खाली बसवलेली होती. गाडी बुटकी, वजन जमिनीलगत. मातीच्या ट्रॅकवर बाकीच्या गाड्या वळणावर डोलायच्या तेव्हा ही बूड टेकवून निघून जायची.

उरलेली अर्धी जादू कॅटलॉगात होती. नियम म्हणायचा की भाग कंपनीच्या यादीतला हवा. मग हडसनने शर्यतीचे भाग यादीतच घातले. जाड अॅक्सल, मजबूत हब, तगडं सस्पेन्शन, सगळं "सिव्हिअर युसेज" या भारदस्त नावाखाली, जणू खडकाळ मुलुखातल्या गिऱ्हाइकांसाठीच. जोड कार्बोरेटरचं 'ट्विन एच-पॉवर' डीलरकडे ऑप्शन म्हणून मिळायला लागलं. 1952 साली 34 पैकी 27 शर्यती हडसनच्या नावावर गेल्या. मार्शल टीग, हर्ब थॉमस, टिम फ्लॉक हे चालक आणि थॉमसच्या गाडीमागे स्मोकी युनिक नावाचा मेकॅनिक. हे नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

नियम मोडला कुठे? कुठेच नाही. नियमात बसेल असा कॅटलॉग छापला, इतकंच.

---

चौथा गिअर

मस्त धागा. 1957 राहू नये. त्या वर्षी शेव्हरोलेने 283 घनइंचाच्या छोट्या व्ही-8 ला फ्युएल इंजेक्शन लावलं, फोर्डने सुपरचार्जर. नॅसकारने दोन्हींवर बंदी घातली: एक कार्बोरेटर, चार बॅरल, बास. त्याच वर्षी कार कंपन्यांच्या संघटनेने आपण शर्यतींना पाठबळ देणार नाही असा ठराव केला. अर्थात मागच्या दाराने सुटे भाग येतच राहिले.

ही इंजेक्शनबंदी किती टिकली असेल? मुख्य मालिकेत कार्बोरेटर गेला 2012 च्या हंगामात. त्याच्या किती आधीपासून आपल्याकडच्या साध्या हॅचबॅकसुद्धा एमपीएफआयवर, म्हणजे इंजेक्शनवर, चालत होत्या!

---

तेलकट

>> मुख्य मालिकेत कार्बोरेटर गेला 2012 च्या हंगामात

काय सांगता! दंडवत.

आता हेमी येऊ द्या. आणि हेमी म्हणजे नक्की काय तेही कुणीतरी सोप्या भाषेत सांगा. नाव सगळे घेतात, समजावत कुणी नाही.

---

चौथा गिअर

मी प्रयत्न करतो.

ही सगळी पुशरॉड इंजिनं. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, तिथून लांब दांड्या वर जातात आणि रॉकरमार्फत व्हॉल्व्ह उघडतात. जुन्या बुलेटची टॅपेट सेट करताना ज्या दांड्या हाताने फिरवून बघायचो, त्याच. आता साध्या 'वेज' हेडमध्ये आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या वायूचे व्हॉल्व्ह एका ओळीत शेजारी शेजारी असतात. सिलिंडरच्या तोंडाएवढ्याच जागेत दोघांना बसवायचं, म्हणजे मोठे करायला वाव नाही.

हेमीत ज्वलनकक्षाची छत घुमटासारखी अर्धगोल. व्हॉल्व्ह त्या घुमटाच्या दोन उतारांवर समोरासमोर कलते बसतात, म्हणून दोघंही मोठे करता येतात. मिश्रण एका बाजूने आत, जळलेला वायू दुसऱ्या बाजूने बाहेर, मध्ये वळसा नाही. प्लग जवळजवळ मधोमध. जास्त आरपीएमला इंजिनाचा श्वास कोंडत नाही, आणि डेटोनासारख्या अडीच मैलांच्या ट्रॅकवर सगळा खेळ त्या श्वासाचाच.

तोटे आहेतच: हेड रुंद, जड, महाग. प्रत्येक हेडला दोन-दोन रॉकर शाफ्ट. ऑफिसला जायच्या गाडीत हे कुणी घालणार नाही. इथेच फ्रान्सची आणि हेमी बनवणाऱ्या क्रायस्लर कंपनीची जुंपली. ते खटाराजी सांगतील.

---

खटारा

सांगतो. हा माझा सगळ्यात आवडता भाग, थोडं लांबेल.

1963 साली नॅसकारने इंजिनाला सात लिटरची, म्हणजे सुमारे 427 घनइंचाची मर्यादा घातली. त्याच जानेवारीत जनरल मोटर्सने शर्यतींतून अंग काढून घेतलं. पण डेटोनाला शेव्हरोलेचं एक नवं 427 इंजिन आलंच. ते कुठे विकत मिळत नव्हतं, कंपनी त्याच्याबद्दल बोलत नव्हती, म्हणून पत्रकारांनी त्याला 'मिस्टरी मोटर' म्हणायला सुरुवात केली. ज्युनिअर जॉन्सनने ते घेऊन सगळ्यांना घाम फोडला, पण 500 मैल टिकवता आलं नाही. शर्यत फोर्डच्या टायनी लंडने मारली.

क्रायस्लरने यातून बोध घेतला आणि वर्षभरात 426 घनइंचाचं हेमी उभं केलं. टेस्ट बेंचवर सिलिंडरच्या भिंतींना तडे जायला लागले तेव्हा डेटोना काही आठवड्यांवर आलेलं. भिंती जाड करून ब्लॉक नव्याने ओतले, ट्रकांत घातले आणि फ्लोरिडाला धाडले. फेब्रुवारी 1964, डेटोना 500: रिचर्ड पेटी पहिला, जिमी पार्ड्यू दुसरा, पॉल गोल्डस्मिथ तिसरा. तिघेही हेमीवाले. पेटी 200 पैकी 184 फेऱ्या पुढे होता. पात्रता फेरीतला सर्वोच्च वेग वर्षभरापूर्वी ताशी 160 मैलांच्या घरात होता, तो 174 च्या पुढे गेला.

हे इंजिन तेव्हा कुठल्याही शोरूममध्ये मिळत नव्हतं.

फोर्ड गप्प कशी बसेल? त्यांनी आपल्या 427 वर दोन्ही हेडांवर कॅमशाफ्ट चढवले. टायमिंग चेन सहा-सात फूट लांब! फ्रान्सने ते दारातूनच परत पाठवलं आणि 1965 साठी नियम काढला की खास शर्यतीसाठी बनवलेली इंजिनं चालणार नाहीत, हेमीसुद्धा नाही. 1964 हे तसंही वाईट वर्ष होतं. फायरबॉल रॉबर्ट्स आणि जो वेदरली हे चालक अपघातात गेले, सप्टेंबरमध्ये टायरच्या चाचणीत पार्ड्यूसुद्धा गेला. गाड्यांचा वेग टायरच्या आवाक्याबाहेर चालला होता, तेव्हा नियमाला तेही कारण होतं.

क्रायस्लरने बहिष्कार टाकला. पेटीने हेमी छोट्या बाराकुडा गाडीत घालून ड्रॅग रेसिंग (सरळ पट्ट्यावरची छोटी शर्यत) सुरू केलं. जॉर्जियात एका शर्यतीत त्याची गाडी ट्रॅक सोडून प्रेक्षकांत घुसली आणि एक लहान मुलगा दगावला. नियमांच्या भांडणाचा इतिहास लिहिताना हे बहुतेक जण एका ओळीत उरकतात, मीही तेच करतोय, पण गाळू नये.

---

उपद्व्यापी

म्हणजे खेळाडू तुमचे, मैदान माझं, नियम माझे आणि अंपायरही मीच. गल्ली क्रिकेटमध्ये ज्याची बॅट तो असंच करायचा. आणि खटाराजी याला "नियमांनी इंजिन घडवलं" म्हणून गौरवताहेत. फ्रान्सला इंजिनाशी काय देणंघेणं? तिकीटविक्री बघून नियम बदलणारा दुकानदार तो.

---

शार्लटकर

उपद्व्यापींशी बऱ्यापैकी सहमत. नोकरीनिमित्त बरीच वर्षं शार्लटजवळ आहे. इथे बहुतेक टीमांची गॅरेजं तासाभराच्या अंतरात आहेत आणि जुनेजाणते लोक फ्रान्सबद्दल बोलताना आदर आणि शिव्या एकाच वाक्यात घालतात.

1965 चे आकडे बघा. जनरल मोटर्स नाही, क्रायस्लर नाही. 55 पैकी 48 शर्यती फोर्डने जिंकल्या. डार्लिंग्टनच्या सदर्न 500 मध्ये नेड जॅरेट 14 फेऱ्यांनी जिंकला. चौदा! 1.375 मैलाच्या ट्रॅकवर सव्वाएकोणीस मैलांची आघाडी. दुसऱ्या नंबरचा शेवटच्या वळणावर येईपर्यंत लोक घरी जाऊन जेवले असते. गल्ला आटला, ट्रॅकमालक ओरडायला लागले आणि हंगाम संपायच्या आतच हेमीला काही अटींवर परत घेतलं.

1966 ला क्रायस्लरने हेमी सामान्य गिऱ्हाइकाला चार्जर, बेल्व्हेडिअर या गाड्यांमध्ये मिळेल अशी सोय केली आणि पेटी पुन्हा डेटोना जिंकला. मग फोर्ड रुसली! त्यांच्या कॅमशाफ्टवाल्या इंजिनावर वजनाचा असा बोजा टाकला होता की ते आणण्यात अर्थच उरला नव्हता. तेव्हा त्यांनी बहिष्कार टाकला. एक वर्ष एक रुसते, पुढच्या वर्षी दुसरी. लग्नघरातल्या व्याह्यांना हे लोक मागे टाकतील.

---

खटारा

उपद्व्यापी, शार्लटकर, फ्रान्स साधुसंत होता असं मी म्हटलेलंच नाही. दुकानदार होता, कबूल. पण निकाल बघा ना. स्ट्रीट हेमी हे रस्त्यावरचं इंजिन जन्माला आलं कशामुळे? क्रायस्लरला वाटलं म्हणून नव्हे. "लोकांना विकलंत तर पळू देईन" या अटीमुळे. दुकानदाराच्या अटीने एक अख्खं इंजिन उत्पादनात आणलं. हेतू गल्ल्याचा होता म्हणून परिणाम नाकारता येत नाही.

---

चौथा गिअर

याला जोडून फोर्डचं बॉस 429 इंजिन. टोरिनो गाडीत पळवायचं होतं, पण नियमात ठरावीक संख्येने इंजिन विकलं पाहिजे इतकंच होतं, कुठल्या गाडीत ते नव्हतं. फोर्डने ते मस्टँगमध्ये विकलं! मस्टँगच्या पुढच्या भागात हे धूड मावेना, म्हणून सस्पेन्शनचे बुरूज सरकवावे लागले. म्हणजे लोकांना विकलेली गाडी शर्यतीत नाही आणि शर्यतीतल्या गाडीत लोकांना ते इंजिन मिळत नाही. तरीही सगळं नियमात.

इंजिनावर लगाम आला तसा पैसा हवेकडे वळला. 1969 ची क्रायस्लरचीच डॉज चार्जर डेटोना: पुढे अणकुचीदार नाक, मागे दोन खांबांवर जवळजवळ दोन फूट उंच पंख. 500 गाड्या बनवणं बंधनकारक, तेवढ्या बनवल्या. पेटी ज्यातून पळायचा त्या प्लिमथकडे (क्रायस्लरचाच दुसरा ब्रँड) हवा कापणारी गाडी नव्हती म्हणून तो वैतागून 1969 च्या हंगामापुरता फोर्डकडे गेला. त्याला परत आणायला प्लिमथची पंखवाली सुपरबर्ड निघाली. तोवर नियम वाढला होता, दर दोन डीलरांमागे एक गाडी. त्यामुळे एकोणीसशेच्या वर सुपरबर्ड बनवाव्या लागल्या आणि बऱ्याच डीलरांकडे धूळ खात पडल्या. काहींनी नाक-पंख काढून साध्या गाड्या म्हणून विकल्या. आज त्याच गाडीच्या लिलावाचे आकडे बघून त्या डीलरांची नातवंडं काय म्हणत असतील?

24 मार्च 1970 ला टॅलाडेगा ट्रॅकवर बडी बेकरने डॉज डेटोना ताशी 200.447 मैलांनी पळवली. बंद ट्रॅकवर 200 ओलांडल्याची पहिली अधिकृत नोंद.

---

तेलकट

पॉपकॉर्न संपले, दुसरी पिशवी आणली. मग पंखांचं काय झालं?

---

खटारा

फ्रान्सने पंख कापले नाहीत. त्याने लिहिलं की 1971 पासून अशा गाड्यांना 305 घनइंचाचंच इंजिन. बाकीच्यांना सात लिटर, यांना पाच. डेटोना 500 ला एकच पंखवाली गाडी आली, डिक ब्रुक्स चालवत होता, सातवी आली. त्यानंतर कुणी फिरकलं नाही. एका ओळीत अख्खी जमात संपवली.

त्याआधी ऑगस्ट 1970 मध्ये मिशिगनला रिस्ट्रिक्टर प्लेट (इंजिनात जाणारी हवा रोखणारी पट्टी) आलीच होती. मोठ्या इंजिनांना प्लेट, छोट्यांना सूट, असं करत करत टीम आपोआप छोट्या इंजिनांकडे ढकलल्या गेल्या आणि 1974 च्या सुमारास 358 घनइंच हा आकडा बसला. तेलटंचाईचं वर्ष. त्या वर्षीची डेटोना 500 इंधन वाचवायला 450 मैलांचीच केली, पण आकडा मोडायला नको म्हणून पहिली फेरी एकविसावी म्हणून मोजली!

358 तेव्हापासून आजतागायत तेच आहे.

---

शार्लटकर

प्लेट काय असते ते सांगतो, इथे हातात घेऊन पाहिली आहे. अॅल्युमिनियमची पातळ पट्टी, तळहातावर मावते, चार गोल भोकं. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) मध्ये बसवायची. इंजिन कितीही भारी असो, भोकातून जाईल तेवढीच हवा.

सात लिटरच्या इंजिनांबरोबर ती गेली होती. परत आली ती टॅलाडेगा 1987 मुळे. बिल एलियटने पात्रता फेरीत ताशी 212.809 मैल काढले. शर्यतीत बॉबी अॅलिसनचा टायर फुटला, गाडी उलटी उडून प्रेक्षकांसमोरच्या जाळीवर आदळली. जाळीने गाडी अडवली, पण तुकडे लागून प्रेक्षक जखमी झाले. ती शर्यत जिंकली त्याच्याच मुलाने, डेव्हीने, आणि तो त्याचा पहिलाच विजय. 1988 पासून डेटोना आणि टॅलाडेगाला प्लेट सक्तीची झाली. ताकद जवळजवळ निम्मी. प्लेट नॅसकारचे अधिकारी स्वतः वाटायचे, टीमने आपली आणायची नाही.

परिणाम काय? सगळ्यांची ताकद सारखी, कुणालाच पुढे निसटता येईना. चाळीस गाड्या एकमेकींना चिकटून, ताशी 190 मैलांनी. एक घसरली की मागच्या पंधरा-वीस गेल्याच. वेग कमी करून सुरक्षितता आणायची होती. त्याऐवजी इथे 'द बिग वन' हा शब्दच जन्माला आला.

जाता जाता: शार्लटच्या नॅसकार हॉल ऑफ फेममध्ये जुन्या गाड्या एका चढत्या वळणावर मांडल्या आहेत. त्याचा उतार वाढत वाढत टॅलाडेगाएवढा, 33 अंश होतो. त्या टोकाशी उभं राहून वर बघितलं की "डावीकडे वळायचं, त्यात काय" असं कुणी म्हणणार नाही. उपद्व्यापी, आलात तर घेऊन जाईन.

---

उपद्व्यापी

येतो, तिकीट पाठवा.

बरं, इतके नियम आणि इतके हुशार लोक. मग लबाडीचं काय? स्मोकी युनिक येणार होता ना पुढे?

---

खटारा

स्मोकी म्हणजे डेटोनातल्या "बेस्ट डॅम गॅरेज इन टाउन" चा मालक. टोपी, पाइप आणि नियमपुस्तक कोळून प्यायलेला. त्याच्या तोंडची प्रसिद्ध गोष्ट पेट्रोलच्या नळीची. नियमात टाकी किती गॅलनची ते लिहिलेलं होतं, नळी किती जाड ते नव्हतं. याने टाकी नियमातली ठेवली आणि इंजिनापर्यंत अशी जाड नि लांब नळी फिरवली की तिच्यातच काही गॅलन मावत. टाकीशिवाय गाडी चालवत तपासणीतून निघून गेला हा किस्सा दंतकथा असावी, पण नळीची युक्ती त्याच्या बुद्धीला शोभणारी आहे.

याला लबाडी म्हणावं का? मला नाही वाटत. पुढच्या आवृत्तीत नळीचा व्यास आला, की तो दुसरीकडे शोधायला मोकळा.

---

शार्लटकर

इथे मात्र मतभेद. नळी ठीक, पण सगळंच गोड मानून घेऊ नका. ऑक्टोबर 1983, शार्लट. रिचर्ड पेटी जिंकला. तपासणीत इंजिन निघालं जवळजवळ 382 घनइंच, मर्यादा 358 ची. वर टायरही चुकीच्या बाजूला लावलेले. हे कुठल्याही फटीत बसत नाही, सरळ चोरी आहे. इंजिन बांधणारा त्याचा सख्खा भाऊ मॉरिस. दंड 35,000 डॉलर, 104 गुण वजा.

आणि विजय? तो कायम ठेवला. पेटीचा 198 वा. आज त्याच्या 200 विजयांत तो मोजला जातो.

1949 मध्ये स्प्रिंगेसाठी डनअवेला उडवला होता ना?

---

खटारा

डनअवेचं नाव पोस्टरवर तिकिटं खपवत नव्हतं. पेटीचं खपवत होतं.

---

उपद्व्यापी

आता कसं दुकानदारावर आलात!

---

चौथा गिअर

थोडं विषयांतर, पण राहवत नाही. 2007 मध्ये टोयोटा मुख्य मालिकेत आली. रस्त्यावरची कॅमरी पुढची चाकं ओढणारी, चार नाहीतर सहा सिलिंडरची, ओव्हरहेड कॅम, इंजेक्शन. नॅसकारमध्ये पळायचं तर हवं पुशरॉड व्ही-8, दोन व्हॉल्व्ह, 358 घनइंच, कार्बोरेटर आणि मागची चाकं. टोयोटाच्या कुठल्याही शोरूममध्ये असलं काही नव्हतं. म्हणून त्यांनी कोऱ्या कागदावर नव्याने ते जुन्या पद्धतीचं इंजिन बनवलं, आणि बनवलं तेही उत्तम. लांब दांड्यांचं ते इंजिन नऊ हजार आरपीएमच्या वर तासन् तास फिरतं, हे बघितल्यावर पुशरॉडला जुनाट म्हणायची हिंमत होत नाही.

1965 मध्ये हेमीला बाहेर काढलं ते शोरूममध्ये मिळत नाही म्हणून. 2007 मध्ये टोयोटाला आत घेतलं, शोरूममध्ये कधीच मिळणार नाही असं इंजिन बनवलं म्हणून. खटाराजी, याच्यावर वेगळा धागा काढा. फ्लॅट टॅपेट आणि व्हॉल्व्ह स्प्रिंगांवर मी लिहीन.

---

तेलकट

पुभाप्र (पुढच्या भागाची प्रतीक्षा). आणि व्हॉल्व्ह स्प्रिंगांवर लिहाल तेव्हा त्या नऊ हजारांवर तुटत का नाहीत ते आधी सांगा. माझ्या बुलेटची तर पाच हजारांच्या आतच रडारड सुरू होते.